दर पावसाळ्यात पुन्हा आदळणारं दार : जुन्या फ्लोअर स्प्रिंगमधलं तेल जातं कुठे?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. ब्रिटिश काळातलं जाड सागवानी दार, आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारं, खाली लादीत पितळी प्लेटखाली फ्लोअर स्प्रिंग, म्हणजे दार आपोआप मिटवणारं यंत्र. मे महिन्यात फिटर तेल भरून जातो आणि दार छान सावकाश मिटायला लागतं. जुलैत ते पुन्हा आदळतं, पुन्हा तेल भरलं जातं. गणपतीपर्यंत पुन्हा तीच गत. मग कुणीतरी ठरवतं की मशीन म्हातारं झालं, काढून टाका. मुंबईच्या फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट भागातल्या जुन्या कचेऱ्यांच्या दारांतून अशी कितीतरी चांगली यंत्रं भंगारात गेली आहेत, आणि त्यातली बरीचशी दुरुस्त होण्यासारखी होती.

दर वर्षी तेल संपतं, पण ते जिरत नाही. खालून पाणी त्याला वर ढकलतं.

यंत्राची बिडाची पेटी लादीच्या पातळीखाली बसलेली असते. पावसाचं पाणी, लादी पुसायचं पाणी, उंबरठ्याखालून झिरपणारी ओल, सगळं त्या खड्ड्यात उतरतं. झाकणाचं गास्केट सुकलेलं असलं किंवा स्पिंडलभोवतीचं (दार ज्यावर फिरतं त्या उभ्या दांड्याभोवतीचं) पॅकिंग झिजलेलं असलं, की पाणी पेटीत शिरतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर सरकून स्पिंडलच्या कडेनं बाहेर येतं. पितळी प्लेटभोवती दिसणारा तेलकट काळा गोल तो हाच. फिटर तो गोल बघतो, ‘तेल गळालं’ म्हणून वरून आणखी ओततो. तळातलं पाणी मात्र जागचं हलत नाही.

दाराचा वेग आवरणारं पिस्टन आणि रेग्युलेटरचं (मिटण्याचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूचं) बारीक छिद्र बहुतेक यंत्रांत तळाच्या बाजूला असतं, म्हणजे तिथून आता तेलाऐवजी पाणी जातं. हायड्रॉलिक ऑइल 46 ची चिकटाई 40 अंश सेल्सियसला 46 सेंटीस्टोक (चिकटाईचं एकक) असते, पाण्याची त्याच तापमानाला सुमारे 0.66. म्हणजे जवळपास 70 पट पातळ. रेग्युलेटर स्क्रू कितीही आवळला तरी पाणी त्यातून सुटतंच, आणि दार आदळतं.

खोलण्याआधी

आधी यंत्र तेलाचं आहे की नाही ते बघा. खूप जुन्या फ्लोअर स्प्रिंगमध्ये फक्त स्प्रिंग असते, वेग आवरणारी व्यवस्थाच नसते. तेल भरायचा स्क्रू नाही, रेग्युलेटर नाही, आत नुसतं घट्ट ग्रीस, आणि दार सोडल्यावर दोन-तीनदा मागं-पुढं झुलून थांबतं, असं दिसलं तर ते मूळचंच तसं आहे. त्यात तेल ओतलं तर ते फक्त लादीखाली जाईल. त्याला साफसफाई, ग्रीस आणि वरच्या-खालच्या पिव्होटची (दार ज्या खुंट्यांवर फिरतं त्यांची) दुरुस्ती एवढंच लागतं.

तेलाचं यंत्र असेल तर पितळी प्लेट काढा आणि रेग्युलेटर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करा. जोर लावू नका, आतली सुईसारखी टोकदार बाजू बैठकीत रुतून खाच पडते आणि मग ती कधीच नीट बंद होत नाही. दार 90 अंशांत उघडून सोडा. जागेवर थांबलं किंवा मिनिटभरात मुंगीच्या पावलांनी सरकलं, तर पिस्टन, एकेरी झडप आणि तेल तिन्ही ठीक आहेत, दोष रेग्युलेटरच्या सेटिंगमध्ये किंवा त्याच्या टोकात आहे. पूर्ण बंद असूनही दार धाडकन मिटलं, तर तेल किंवा दाब आतून निसटतोय. सुरुवातीला मोकळं पडून मग अचानक आवरलं गेलं, तर तेल कमी आहे किंवा आत हवा आहे.

आता तेल भरायच्या छिद्रातून सलाईनची नळी थेट तळापर्यंत सोडा आणि 50 मिलीच्या सिरिंजनं ओढा. पहिला नमुना तळाचाच हवा, वरचं तेल नेहमी बरं दिसतं. तो काचेच्या बाटलीत रात्रभर उभा ठेवा. खाली पाण्याचा थर आला तर निदान झालं. दुधाळ राहिलं तर पाणी तेलात घोटलं गेलंय. शंका असेल तर एक थेंब गरम तव्यावर टाका, पाणी असेल तर तडतडेल. राखाडी चिखलासारखा गाळ आला तर लोहचुंबक फिरवा. चिकटला तर बीड किंवा पोलाद झिजतंय. चुंबकाला न चिकटणारी पिवळट चमक पितळी बुशची असते.

ओळंबाही याच वेळी सोडा. वरच्या पिव्होटच्या मध्यातून सोडलेला ओळंबा स्पिंडलच्या मध्यावर पडायला हवा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दाराचं वजन स्पिंडलला एका बाजूला रेटत राहतं आणि नवं सीलसुद्धा लवकर अंडाकृती झिजतं. ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही, आणि म्हणूनच ‘नवीन सील टाकलं तरी गळतंय’ ही दुसरी कायमची तक्रार उरते.

दाराचं वजनही काढून ठेवा. सागवान सरासरी 650 किलो प्रति घनमीटर धरलं, तर 2.1 मीटर उंच, 1 मीटर रुंद, 45 मिलिमीटर जाड दार सुमारे 61 किलो भरतं. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. जुन्या 4 मिलिमीटर काचेच्या जागी सुरक्षेसाठी 12 मिलिमीटर काच बसवली असेल, तर प्रत्येक चौरस मीटरला 20 किलो वाढले. आजच्या युरोपीय मानकात 950 मिलिमीटर रुंद आणि 60 किलोपर्यंतच्या दाराला 3 नंबरची ताकद धरतात, 1100 मिलिमीटर आणि 80 किलोला 4 नंबर. जुन्या यंत्रावर असा आकडा नसतो, पण वजन नंतर वाढवलेलं असेल तर स्प्रिंगला दोष देण्यापूर्वी तो हिशेब समोर असावा.

दार उतरवणं

दोन माणसं हवीतच. दार 90 अंशांत उघडलं की चौकटीच्या वरच्या पट्टीत एक स्क्रू दिसतो. तो फिरवला की वरच्या पिव्होटची पिन आत ओढली जाते. खाली पहार आणि लाकडी पाचर लावून दार थोडं उचलायचं, वरची बाजू चौकटीबाहेर कलती करायची आणि सरळ वर काढायचं. दार सुटताक्षणी स्पिंडल झटक्यानं मूळ जागी येतं. तेल शाबूत असेल तर रेग्युलेटर बंद ठेवल्यानं ते सावकाश येतं, पाण्यानं भरलेल्या यंत्रात मात्र हा लगाम नसतो. त्या क्षणी बोटं स्ट्रॅपखाली (दार आणि स्पिंडल जोडणाऱ्या पट्टीखाली) नकोत.

स्ट्रॅप स्पिंडलच्या चौकोनी निमुळत्या टोकावर गंजून बसला असेल, तर वरून हातोडा मारू नका. तो घाव थेट खालच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर जातो, आणि बीड असेल तर पेटीचा कान तुटतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर ठेवा आणि दोन बाजूंनी समोरासमोर पातळ पाचरी हळूहळू ठोका.

पेटी उघडताना स्प्रिंगची शेवटची टोपी किंवा बोल्ट सोडायचा असेल, तर आधी ती प्रेसमध्ये किंवा लांब आट्याच्या बोल्टनं धरून ठेवा. आत दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो. जुनी राखाडी, तंतुमय गास्केट कोरडी खरवडू नका. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ओली करून काढा, पिशवीत बंद करा.

आट्यांचा घोळ

इथे सगळ्यात जास्त नासधूस होते. ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांत आटे व्हिटवर्थ पद्धतीचे असतात, 55 अंशांचे. आजचे मेट्रिक आणि अमेरिकन आटे 60 अंशांचे. पाव इंच व्हिटवर्थला इंचात 20 आटे, 5/16 ला 18, 3/8 ला 16, अर्ध्या इंचाला 12. दुकानदार पाव इंचाच्या जागी एम 6 देतो. त्याची जाडी 6.35 ऐवजी 6 मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर 1.27 ऐवजी 1 मिलिमीटर. दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्यानं रेटला की बिडातले आटे कायमचे जातात. अमेरिकन पाव इंचाचे आटेही 20 च असतात, त्यामुळे तो स्क्रू बसल्यासारखा वाटतो, पण कोन वेगळा असल्यानं पकड अर्धवट मिळते. थ्रेड गेज (आटे मोजायचं साधन) विकत घ्या, ते फार महाग नसतं. झाकणाचे मूळ स्क्रू एकेका छिद्राच्या खुणेसह पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. एखादा हरवला तर लेथवर व्हिटवर्थ आट्यांचा करून घ्या, छिद्र मोठं करून नवा टॅप मारू नका.

आतली दुरुस्ती

सगळं रॉकेलनं धुवा. मग पिस्टन बघा. जुन्या पिस्टनवर चामड्याची वाटी असते, हातपंपाच्या बकेट वायसरच्या जातीची. पाण्यात राहून ती फुगते, मग सुकून कडक होते आणि काठ दुमडतो. नवी करायची तर झाडांच्या सालीनं कमावलेलं 3 मिलिमीटर चामडं घ्या. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं आकार धरत नाही. कोमट पाण्यात तासभर भिजवा, सिलिंडरच्या मापाच्या दोन तुकड्यांच्या साच्यात दाबा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या. नंतर जे तेल यंत्रात भरणार त्याच तेलात रात्रभर बुडवा. काठाचा व्यास सिलिंडरपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त असावा. बसवताना वाटीचं तोंड, दार मिटताना जिकडचं तेल दाबलं जातं तिकडे हवं. उलटी बसवली तर दार उघडताना जड लागतं आणि मिटताना आदळतं, आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

पिस्टनमधली एकेरी झडप म्हणजे एक पोलादी छर्रा आणि त्याची बैठक. दार उघडताना तेल तिथून मोकळं जातं, मिटताना छर्रा बसून वाट बंद करतो. पाण्यानं छर्ऱ्यावर गंजाचे खड्डे पडले की वाट कधीच पूर्ण बंद होत नाही. इंचाच्या मापाचे छर्रे बेअरिंगच्या दुकानात मिळतात, पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. नवा छर्रा बैठकीवर ठेवून पितळी दांडीनं एकच हलका ठोका द्या. बैठकीला गोल काठ येतो. तो छर्रा फेकून द्या आणि दुसरा नवा टाका. वरून रॉकेल ओतून मिनिटभर थेंब पडला नाही तर बैठक जमली.

स्पिंडलभोवती मूळचं चामडी वायसर किंवा ग्लँड दोरी (गळती रोखायला नटाखाली दाबून बसवलेली दोरी) असते. ग्रेफाइटची दोरी वापरायचा मोह होतो, कारण ती दुकानात पहिली मिळते. पण ग्रेफाइट आणि पोलाद ओलाव्यात एकत्र आले की पोलाद गंजतं आणि बरोबर सीलच्या जागी स्पिंडलला खड्डे पडतात. टेफ्लॉनची दोरी घ्या. प्रत्येक वेटोळं वेगळं, तिरकस कापून, जोड एकाखाली एक न येऊ देता बसवा. ग्लँड नट हातानं घट्ट आणि वर पान्यानं पाव फेरा, बस. रबरी ऑइल सील बसवायचं असेल तर स्पिंडल व्हर्नियरनं मोजा. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, 25 चं सील त्यावर ताणून बसेल आणि काठ लवकर जळेल. स्पिंडलला जुनी घळ पडली असेल तर सील मिलिमीटरभर वर-खाली बसवून त्याचा काठ कोऱ्या जागेवर आणा. स्पिंडल लेथवर घासून बारीक करणं हा शेवटचा उपाय, कारण ते परत मिळत नाही.

खालच्या बेअरिंगचे छर्रे सुटे असतील तर मोजून लिहा आणि सगळे एकदम बदला. एकच नवा टाकला तर सगळं वजन त्याच्यावर येतं.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गंज काढण्यासाठी ती ॲसिडमध्ये टाकू नका. ॲसिडातला हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि काही दिवसांनी स्प्रिंग दाबाखाली आपोआप तडकते. तारेचा ब्रश आणि रॉकेल पुरे. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरते. 10 मिलिमीटरची तार गंजून साडेनऊ झाली तर ताकद सुमारे साडेअठरा टक्के घटते. म्हणून ‘दार पूर्ण मिटत नाही, शेवटी फट राहते’ या तक्रारीत आधी तार मोजा. नवी करून घ्यायची तर कारागिराला पाच मापं द्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी, वेढ्यांची संख्या आणि टोकं सपाट घासलेली आहेत की नाहीत. तारेची जाडी गंज नसलेल्या वेढ्यावर घ्या.

कोणतं तेल, किती

जुन्या, चामडी वाटीच्या यंत्राला मुंबईच्या हवेत हायड्रॉलिक ऑइल 46 चांगलं चालतं. सिलिंडर बराच घासला असेल तर 68. पुण्या-नाशिककडच्या थंडीत 68 जड होतं, तिथे 32 किंवा 46 च ठेवा. गाडीचं 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइल भरू नका. ते 40 अंशांना 100 सेंटीस्टोकच्या वर असतं, शिवाय त्यातले साबणासारखे घटक पाण्याला तेलात घोळवून ठेवतात, म्हणजे पाणी शिरलं तरी तळाशी थर दिसत नाही. ब्रेक ऑइल तर अजिबात नको, ते हवेतला ओलावा शोषतं आणि नायट्राइल रबराचं सील फुगवतं.

गास्केट अर्ध्या मिलिमीटरच्या ऑइल पेपरचं कापा. जाड रबर घातलं तर झाकण उचललं जातं आणि स्पिंडल वर-खाली खेळायला लागतं. स्क्रू समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

तेल भरताना रेग्युलेटर उघडा ठेवा, दार चढवा, आणि छिद्र उघडं ठेवूनच दार 25-30 वेळा सावकाश पूर्ण उघड-मीट करा. बुडबुडे थांबेपर्यंत तेल घालत राहा. मग तोंडाशी जागा सोडा. तेल दर अंशाला सुमारे 0.07 टक्के फुगतं, म्हणजे 400 मिली तेल 25 अंशांनी तापलं तर 7 मिली वाढतं. जानेवारीत काठोकाठ भरलेली पेटी मे महिन्यात उन्हाच्या दारात स्पिंडलमधून तेल बाहेर फेकते, आणि लोक चांगलं सील बदलत बसतात. 10 मिली जागा रिकामी ठेवा. भरलेलं एकूण तेल मोजा आणि तो आकडा प्लेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहा. पुढच्या माणसाला तो फार उपयोगी पडेल.

रेग्युलेटर पाव-पाव फेऱ्यानं उघडत दार 90 अंशांपासून 5 ते 7 सेकंदांत मिटेल असं ठेवा.

यंत्र कोणाचं ते शोधणं

सुटा भाग जुळवायचा असेल तर बनावट कळणं भाग आहे. पितळी प्लेटवर पॉलिशचे थर साचलेले असतात. पावडर घासण्याऐवजी मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं धुवा, तिरक्या प्रकाशात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. लंडनच्या आर्चिबाल्ड स्मिथ अँड स्टीव्हन्सची ‘जेनस’, तिथल्याच रॉबर्ट ॲडम्सची ‘व्हिक्टर’ आणि बर्मिंगहॅमच्या विल्यम न्यूमनची ‘ब्रिटन’ ही नावं शोधण्यासारखी. जेनस हा रोमन लोकांचा दारांचा देव, दोन दिशांना दोन तोंडं असलेला. दोन्हीकडे उघडणाऱ्या दाराच्या यंत्राला यापेक्षा नेमकं नाव सापडणं कठीण.

पेटंटचा नंबर असेल तर एक काळजी घ्या. ब्रिटिश पेटंटांचे नंबर 1916 पूर्वी दर वर्षी 1 पासून सुरू होत, त्यामुळे वर्षाशिवाय नुसता नंबर निरुपयोगी. 1916 पासून 1,00,001 च्या पुढे सलग मालिका आहे. ‘रजिस्टर्ड’ असं लिहून नंबर असेल तर तो डिझाइनचा, पेटंटचा नव्हे. ती मालिका 1884 मध्ये 1 पासून सुरू झाली आणि 1900 च्या सुरुवातीला सुमारे 3,51,000 वर होती, यावरून काळाचा अंदाज येतो. त्यावरून पेटी त्या वर्षाआधीची नाही एवढंच ठरतं, कारण तेच मॉडेल पुढे कितीही वर्षं बनत असे. पेटंट सापडलं तर एस्पेसनेट या पेटंटांच्या ऑनलाइन संग्रहावर त्याचं मूळ रेखाचित्र फुकट मिळतं आणि आतली झडप कुठे आहे ते पेटी न उघडता कळतं. छापील नाव प्लेटवर असलं तरी आतल्या बिडावर ओतलेली अक्षरंही वाचा, प्लेट बदललेली असू शकते.

पाणी रोखणं

इथे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी मेहनत ऑगस्टपर्यंतच टिकेल. यंत्राच्या आणि सिमेंटच्या खड्ड्याच्या मधली फट ही पाण्याची टाकी असते. काही जुन्या खड्ड्यांना तळाशी निचऱ्याचं छिद्र असतं, ते बहुधा सिमेंटनं बुजलेलं सापडतं. आधी तारेनं मोकळं करून पाणी जातंय का बघा. खालच्या मजल्याच्या छतात उतरणार नाही याची खात्री असेल तरच ते उघडं ठेवा.

फट भरायला सिमेंट किंवा सिलिकॉन वापरू नका, पुढच्या वेळी यंत्र छिन्नीनं फोडून काढावं लागेल. दोन भाग पॅराफिन मेण आणि एक भाग पेट्रोलियम जेली, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट आचेवर नको. खड्डा आणि यंत्राची बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत असताना, रेग्युलेटर आणि तेलाच्या स्क्रूच्या खालपर्यंतच ओता. शेजारची लादी संगमरवराची असेल तर तिला आधी कागदी टेप लावा, मेणाचा डाग त्यातून निघत नाही. पाण्याला जायला जागाच उरत नाही आणि यंत्र पुन्हा काढायचं झालं तर मेण गरम करून निघतं. पितळी प्लेटच्या खालच्या कडेलाही त्याच मिश्रणाचा पातळ हात फिरवा.

लादी साफ करणाऱ्यांना दाखवून सांगा की या प्लेटजवळ ॲसिड आणि बादलीभर पाणी नको, ओलं फडकं पिळून फिरवायचं. ॲसिडचं पाणी पेटीत गेलं तर एका मोसमात स्पिंडलला खड्डे पडतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एक-दोन जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, प्लेट उघडून नळी तळापर्यंत सोडा आणि 20 मिली ओढून बाटलीत रात्रभर ठेवा. थर आला तर पाणी कुठून शिरलं ते त्याच दिवशी शोधा: मेणाची कडा, झाकणाचे स्क्रू, स्पिंडलची दोरी, याच क्रमानं. थर नसेल तर काढलेलं तेल परत ओता, प्लेट लावा, आणि पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये करा.